फुलवालीचं गाव

ताजणे सरांनी पहिल्या दिवशी मला माझं नाव विचारलं नाही. कपाटाच्या कुलपाशी झटापट करत, पाठमोऱ्यानंच त्यांनी विचारलं, "गाव कोणतं?"

"दुर्ग," मी म्हटलं.

"त्याच्या आधी?"

"आजोबा नागपूरकडचे. रेल्वेत होते."

"मंग ठीक आहे," म्हणाले, आणि तेव्हा कुठे वळून माझ्याकडे पाहिलं. काय ठीक आहे ते मला आजतागायत कळलेलं नाही. भिलाईच्या त्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी सुरू झाली ती अशी. नाव त्यांनी चौथ्या दिवशी विचारलं.

कपाट उघडलं तर आत समुद्र. भिलाईत कोणालाही लोखंडाचं विचारा, झोपेतून उठून सांगेल. समुद्र पाहायचा तर इथून अख्खा दिवस गाडीत बसावं लागतं. आणि या माणसानं आयुष्यभर जमवलं काय, तर सी-अर्चिन, म्हणजे समुद्रातली सायाळ. जिवंत असते तेव्हा अंगभर काटे. मेली की काटे गळतात आणि उरतं एक गोल, हलकं, भोकाभोकांचं कवच, सोललेल्या संत्र्यासारखं वरून खाली फोडी पाडलेलं. नागपूरकडचा माणूस संत्र्याखेरीज दुसरी उपमा आणणार तरी कुठून.

सरांचा सगळा जीव त्यातल्या दोन कवचांत अडकला होता. एकाच घराण्यातल्या दोघी. पुस्तकात त्यांची जीभ वळणार नाही अशी नावं आहेत, म्हणून सरांनी सोपी पाडली होती. एक तीनरांगी, दुसरी फुलवाली. तीनरांगीच्या कवचावर जोडभोकांच्या तीन सुट्या उभ्या रांगा. बोटानं मोजता येतात. फुलवालीच्या रांगा एकमेकींत दाटलेल्या, आणि तोंडाच्या कडेला नखानं कोरल्यासारख्या खोल खाचा. सर विद्यार्थ्याला डोळे मिटायला लावत, दोन्ही तळहातांवर एकेक कवच ठेवत आणि म्हणत, "आँख धोखा देती है बेटा. उंगली से पूछो."

कवच हातात असताना हे ठीक. जिवंतपणी दोघींना वेगळं ओळखणं कठीण, कारण दोघीही शिंपल्यांचे तुकडे, खडे, गवत अंगावर ओढून त्या पांघरुणाखाली दडून बसतात. पण तीनरांगी गरीब. हातात घेतली तरी फारसं काही करत नाही. फुलवालीच्या काट्यांमधून बारीक गुलाबी फुलं उमललेली असतात, आणि ती फुलं नसतात, चिमटे असतात. त्या चिमट्यांत विष. माणसाचे ओठ बधिर करील, श्वास अडकवील असं.

फुलवालीचं कवच सरांना किनाऱ्यावर मिळालेलं नव्हतं. शंखशिंपल्यांच्या दुकानातून आणलेलं होतं. त्यामुळे चिठ्ठीवर गावाच्या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: दुकान.

"आधी गाव, मग नाव," हे त्यांचं पालुपद. प्राणी कुठे राहतो हे कळल्याशिवाय तो कोण हे सांगू नये. ते बरोबरच आहे, पण सर ते वैशाली नगरच्या भाजीबाजारातही चालवत. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणत, "पेरू आणाले धाडलं तं पेरूवाल्याचं खानदान घेऊन येते. पेरू राहूनच जाते." सर शांतपणे म्हणत, "कुम्हारीचा पेरू आन् इकडचा पेरू एक नसते."

आणि दुसरा शब्द म्हणजे "बहुतेक". कशालाच हो म्हणायचे नाहीत. एकदा धो धो पाऊस पडत होता, खिडकीतून पाणी टेबलावर येत होतं. मी म्हटलं, "सर, पाऊस येऊन राहिला." सरांनी बाहेर पाहिलं, ओलं टेबल पाहिलं, म्हणाले, "बहुतेक." मी हसून हसून स्टुलावर बसले. माझी जीभ तेव्हा फार चुरूचुरू चालायची. मी त्यांची नक्कल करायची, आणि पोरं त्यांना चिमटासर म्हणायची त्यात मीही हसायची. चिमटासर, कारण किनाऱ्यावरच्या सहलीत ते कोणालाही उघड्या हातानं काही उचलू देत नसत. लांब चिमटा, जाड हातमोजे, आणि पोरांच्या मागे मागे फिरणारा हा वाळका उंच माणूस, "छूना नहीं, छूना नहीं" करत. पोरं सहलीला आलीत की दवाखान्यात, असं वाटायचं.

एकदा परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. मोठं प्रस्थ. कपाटातलं एक कवच उचलून त्यांनी झटक्यात नाव सांगितलं आणि म्हणाले, "लिखिए, ताजणेजी." सर हात जोडून उभे राहिले. "सर, इसका गाँव पता नहीं है. मैं नहीं लिख सकता." परीक्षकांचा चेहरा उतरला, प्राचार्यांनी सरांकडे डोळे वटारले. पण ती चिठ्ठी कोरीच राहिली. अशा कोऱ्या चिठ्ठ्यांची सबंध एक फळी होती त्या कपाटात. मला वाटायचं, काय भित्रा माणूस आहे.

भित्रे ते होतेच. पण ती भीती एका ओळीची होती, हे मला पहिल्या सहलीत कळलं.

परतीची गाडी यायची होती. दुपारची वेळ, आंध्रातलं एक लहानसं स्टेशन, पोरं फलाटावर केळी खात बसलेली. सर ओळीनं प्रत्येकापुढे जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "हाथ दिखाओ." दोन्ही तळहात उलटेसुलटे पाहायचे, बोटांची पेरं दाबायचे, मग पुढे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "सर, भविष्य पाहून राहिले का?"

ते हसले नाहीत. माझीही पेरं एकेक करून दाबून पाहिली. मग बाकावर बसले. म्हणाले, "बसा मॅडम. तुमाले सांगून ठेवतो. माझ्यामागं तुमालेच पोरं आणा लागतीन इथं."

नोकरीच्या सुरुवातीला सरांनी विद्यार्थ्यांसाठी एक तक्ता केला होता. या किनाऱ्यावर कोणकोणत्या सायाळी मिळतात, त्यांच्या खुणा काय, राहतात कुठे. हिंदीत, मोत्यासारख्या अक्षरात. पोरांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या, दुर्ग-भिलाईच्या कोचिंगवाल्यांनीही वाटल्या. त्यात फुलवालीपुढे एक ओळ होती: "इस तट पर नहीं मिलती." कारण पुस्तकांत तिची गावं दूरच्या बेटांकडची, आणि सरांना ती इथे कधी दिसली नव्हती.

"कामिनी नावाची पोरगी होती," सर म्हणाले. "हुशार. कोळ्यांनी जाळं वाळूवर रिकामं केलं, त्यात एक सायाळ होती. शिंपले पांघरलेली. कामिनीनं मले विचारलं, सर, ये फूलवाली तो नहीं? मी दुरूनच पाहिलं. म्हंतलं, फूलवाली यहाँ नहीं मिलती, तीनरांगी है, उठा ले. तिनं आणखी एकडाव विचारलं. पक्का, सर? मी म्हंतलं, पक्का."

पुढचं त्यांनी फलाटाकडे पाहत सांगितलं. पोरीनं ती हातावर घेतली, फोटोसाठी उभी राहिली. फोटो निघायच्या आत तिच्या तोंडून आवाज निघेना झाला. ओठ वेडेवाकडे, गुडघ्यांतून खाली बसली, श्वास घेता येईना. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत ती बोलली नाही, आणि सर तिच्या पायाशी उभे राहून एकच हिशेब करत होते, हिच्या बापाला काय सांगू.

कामिनी वाचली. काही तासांनी उठून बसली, पाणी मागितलं.

"मी गाव विचारलंच नाही मॅडम," सर म्हणाले. "जाळं वाळूवर पडलं होतं तं मी वाळूचंच गाव धरलं. जाळं टाकलं कुठं होतं, हे विचारा लागत होतं न. आन् ते सायाळ कोळ्यांनी भेवानं पाण्यात फेकून देल्ली. ते कोण होती, आजबी मले माहीत नाही. डॉक्टर म्हणे, एखाद्याच्या अंगाले नाही सोसत, तीनरांगीबी असू शकते. मी म्हंतलं, बहुतेक."

गाडी आली. चढताना मी त्यांची पिशवी घेतली. चिमटासर हा शब्द त्यानंतर माझ्या तोंडून निघाला नाही.

त्या सहलीनंतर मला त्यांच्या खिशात कायम असणाऱ्या लाल पेनाचाही उलगडा झाला. सर त्या तक्त्याच्या प्रती शोधत फिरत होते. रविवारी स्कूटर काढायची, जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी जायचं, चहा नको म्हणायचं आणि विचारायचं, "बेटा, वो पुराना चार्ट रखा है क्या?" पोरं आता नोकरीवाली, बायकामुलांची, माळ्यावरून वह्या काढायची. सर कागद मांडीवर घेऊन ती एक ओळ खोडायचे, बाजूला लिहायचे, "पता नहीं. मत छूना." कागद परत द्यायचे, निघायचे. झेरॉक्सच्या दुकानांत जाऊन गल्ल्यावरच्या माणसाला समजवायचे. पहिला कागद त्यांनी खोडला तो कामिनीचा. तिचं सासर कुम्हारीला. दर दिवाळीत सर तिच्याकडे जात आणि जेवायच्या आधी तिला म्हणत, "हाथ दिखा." ती हसून दाखवी. तिला काही झालेलं नव्हतं. सरांना झालं होतं.

"सर, किती कागद खोडाल?" मी एकदा विचारलं.

"एकच राहिला आन् तोच कोण्या पोरीच्या हाती असला तं?"



मग सर निवृत्त झाले. गुडघे गेले, स्कूटर मुलानं काढून घेतली. त्याच सुमारास मी त्यांना दाखवलं की पोरं आता नोट्स फोनमध्ये ठेवतात, एकीनं पाठवलं की पन्नास जणांकडे जातं. मला वाटलं त्यांना गंमत वाटेल. त्यांनी माझा फोन हातात घेतला, मागूनपुढून पाहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "यातल्या कागदावर लाल पेन कसा चालवू मी?"

वहिनी आतून म्हणाल्या, "आता कायले भिवून राहिले? झालं न सारं, जुनं झालं." मी घरी आले तेव्हा ती भीती माझ्याबरोबर आली होती, खोटं कशाला बोलू.

मागच्या हिवाळ्यात मी पोरांना घेऊन त्याच किनाऱ्यावर गेले. निघण्यापूर्वी वर्गात तीनदा सांगितलं, हात लावायचा नाही. हातमोजे वाटले, चिमटा घेतला. सकाळी आठच्या सुमारास कोळी जाळं रिकामं करत होते. त्यांनी एक सायाळ पाण्याच्या टबात टाकली होती, पोरांना दाखवायला. मी पाच-सात पावलांवर दुसऱ्या मुलीला मोजे चढवून देत होते, तेवढ्यात खुशबूचा आवाज ऐकला. खुशबू म्हणजे वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, सगळं पाठ असणारी. एका हातात फोन, दुसऱ्या हातातला मोजा काढलेला. मैत्रिणीला वाचून दाखवत होती, "देख ना, साफ लिखा है. फूलवाली इस तट पर नहीं मिलती. तो ये तीनरांगी है."

फोनच्या पडद्यावर सरांचं अक्षर होतं. मोत्यासारखं. ओळ खोडलेली नव्हती.

मी ओरडले नाही, वेळच नव्हता. धावले आणि तिचं मनगट धरून ओढलं. ती मागे पडली, टब कलंडला, आणि पडता टब सावरायला मी हात घातला. माझा उघडा हात. बोटांना काहीतरी चिकटलं, लहान लहान कितीतरी ठिकाणी. पाण्याखाली ती फुलं मी पाहिली. गुलाबी, पांढऱ्या कडेची. इतकी सुरेख की एक क्षण मी पाहतच राहिले.

मग आग पेटली. कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. मला कामिनीचं सगळं पाठ होतं, म्हणून पुढे काय येणार तेही माहीत होतं, आणि तेच जास्त वाईट. आता ओठ जातील, मी मनात म्हटलं, आणि ओठ गेले. आता श्वास. पोरी रडत होत्या. मी त्या टबवाल्या कोळ्याचा सदरा धरला आणि जीभ होती तोवर विचारलं, "जाल... कहाँ... डाला था?"

त्याला वाटलं बाई बडबडतेय. मी पुन्हा विचारलं. त्यानं हात केला समोर. लांब समुद्रात नाही, बेटांकडे नाही. समोरच्या काळ्या खडकांशी, जिथे गुडघाभर पाणी होतं आणि दरवर्षी आमची पोरं पाय बुडवून उभी राहतात.

"लिख," मी खुशबूला म्हटलं. "और उसको बरनी में. चिमटे से."

दवाखान्यात मी छताकडे पाहत पडले होते. श्वास यायचा, मग येईनासा वाटायचा. मला माझ्या घरच्यांची आठवण यायला हवी होती, पण मला सर दिसत होते, स्टेशनच्या बाकावर. मी मेले तर यांना कोण सांगणार आणि कसं सांगणार, याचीच मला भीती वाटत होती. दुपार कलल्यावर ओठांना मुंग्या आल्या. मग जीभ आली. खुशबू उशाशी बसली होती, बरणी मांडीवर घेऊन, जणू तीच तिची शिक्षा. मी तिला म्हटलं, "हाथ दिखा." दोन्ही हात स्वच्छ होते.

भिलाईला परतल्यावर बरणीत स्पिरिट घातलं आणि चार दिवस मी ती घरातच ठेवली. नेली तर सरांना कळणार की त्यांची ओळ खोटी होती, पूर्ण खोटी, फुलवाली तिथलीच राहणारी होती. नाही नेली तर ते उरलेलं आयुष्य "बहुतेक"वर काढणार. दोन्हींत कमी क्रूर काय ते मला ठरवता येईना. पाचव्या दिवशी घेऊन गेले.

वैशाली नगरच्या त्या घरात सर खिडकीशी खुर्चीत होते. हात आता सारखेच थरथरत. मला पाहिल्याबरोबर म्हणाले, "आल्या? पोरं?"

"सगळी बरी, सर."

"हात दाखवा."

मी डावा पुढे केला.

त्यांनी तो पाहिला, पेरं दाबली, सोडला. "दुसरा."

मी उजवा हात पदरातून काढला. बोटांवर बारीक लाल ठिपके अजून होते. सरांनी एकेका ठिपक्यावरून बोट फिरवलं. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मग सरांनी विचारलं, "गाव?"

मी खुशबूची चिठ्ठी दिली. काळे खडक, गुडघाभर पाणी, जाळं कुठे टाकलं ते सगळं. त्यांनी दोनदा वाचलं. मी बरणी टेबलावर ठेवली. त्यांनी भिंग घेतलं, एका हातानं दुसरा हात धरला आणि पाहायला लागले. काटे पाहिले. फुलं पाहिली, ती मिटली होती तरी. तोंडाच्या कडेच्या खाचा पाहिल्या. घड्याळ नव्हतं पाहिलं मी, पण वहिनींनी आणलेला चहा निवून साय धरली.

मग सरांनी कोरी चिठ्ठी मागितली. गाव लिहिलं. नाव लिहिलं. आणि भिंग खाली ठेवून म्हणाले, "फुलवाली." थोडं थांबले. "पक्कं."

कामिनीची गोष्ट सोडली तर हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. "कामिनीले फोन लाव," ते वहिनींना म्हणाले. "तिले सांगतो, तिचं बरोबर होतं. मी चुकलो होतो." वहिनी फोन आणायला आत गेल्या. सरांनी खिशातला लाल पेन काढून माझ्या डाव्या हातात ठेवला, कारण उजवा अजून नीट मिटत नव्हता.

"फोनमधल्या कागदाचं काय करायचं ते तुमी पाहा," म्हणाले. "मले नाही येत."

"पाहते, सर. पोरांनाच कामाला लावते."

दारापर्यंत आले तेव्हा त्यांनी हाक मारली. मी वळून पाहिलं. खिडकीतलं ऊन बरणीवर पडलं होतं, आणि सर बरणीच्या मागून माझ्याकडे पाहत होते, वर्गातल्या सगळ्यात लहान पोराइतके भ्यालेले.

"मॅडम, तुमी बऱ्या आहा न?"

मी बोटं हलवून पाहिली. दोन अजून बधिर होती.

"बहुतेक, सर," मी म्हटलं.

ते हसले. पंधरा दिवसांनी गेले, त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं काही असेल तर ते हसणंच.